खालचं लेबल

रुखवतातल्या बरण्यांवरची वधूवरांच्या नावांची लेबलं मीच डोंबिवलीच्या घरी भावाच्या प्रिंटरवर छापली. तीही दोनदा. गेल्या वर्षी माझं लग्न पत्रिका वाटल्यावर मोडलं. आईने ते आताच्या सासरच्या मंडळींना सांगितलंच नाही. ठाण्याहून आणलेला स्टिकर पेपर इतका चिवट, की तेव्हाची लेबलं निघेनात. म्हणून नवी साध्या कागदावर छापून खळीने त्यांच्यावरच चिकटवली. हॉलवर सासूबाईंनी लोणच्याची बरणी उचलली. तेल झिरपून वरचा कागद पारदर्शक झाला होता. नवऱ्याच्या नावाखालून आधीच्या मुलाचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. आईने माझं मनगट आवळलं. “बघू वहिनी, काय लिहिलंय?” त्यांची नणंद पुढे सरकली. सासूबाईंनी लेबलावर तळहात दाबला. “तेल गळतंय, शालू खराब होईल.” मग माझ्या कानाशी पुटपुटल्या, “एवढी शिकलीस, पण बरण्या गरम पाण्यात भिजवायचं सुचलं नाही?”