थोरलीचे लाड

थोरल्या जाऊबाईला, अक्काताईला, सून आल्यापासून लगमव्वाचं पोट दुखत होतं. तिच्या स्वतःच्या मुलाला, ओमकारला, अजून कुणी मुलगी देत नव्हतं, आणि थोरलीला मात्र बसल्या जागी चहा मिळत होता. लगमव्वा दिवसभर तिच्याकडे टक लावून बघायची. हिची दृष्ट लागते म्हणून अक्काताई पदर पुढं ओढून घ्यायची. तिचं डोकं दुखायला लागलं, तेव्हा सुनेनं लगमव्वासमोरच मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या.

तरी दुखणं थांबेना. थोरलीला मोटारीतून बेळगावला नेणार म्हटल्यावर लगमव्वा आधीच जाऊन गाडीत बसली.

"नुसतं डोकं दुखतंय," अक्काताई डॉक्टरांना म्हणाली.

लगमव्वाला राहवलं नाही. "लाड हाईत सगळं. भाकरी चावताना जबडा दुखतोय म्हणती, मग सून दुधात कुस्करून देती. कानशिलाला फणी लागू देत न्हाय. काल एका डोळ्याम्होरं अंधारी आलती म्हणं, तर सून हात धरून मागच्या परड्यात घेऊन गेली. माझा कोण हात धरतंय?"

डॉक्टर खुर्चीतून उठले. त्यांनी कानशिलावरची शीर चाचपली आणि औषध तिथंच सुरू केलं. "डोक्याच्या धमन्यांना सूज आलीय. अजून उशीर झाला असता तर डोळे गेले असते. बरं झालं, यांनी सगळं सांगितलं."

अक्काताईनं तोंडावरचा पदर मागं सारला.

"लगमव्वा, रोज बघत जा गं माझ्याकडं."