साडेचौतीस इंच

एम.आर्क.च्या प्रबंधासाठी मोनिकाने अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या एका गावची अकरा जुनी घरं टेप लावून मोजली आणि ती चक्रावूनच गेली. खिडकीची रुंदी साडेचौतीस इंच, दरवाजाची उंची बरोबर त्याच्या दुप्पट, दोन खांबांमधलं अंतर तिप्पट. एकाही घरात सूतभर फरक नाही. गाइड सर तर खुर्चीतून उठलेच. "अगं, हे कुठल्याच ग्रंथात नसलेलं माप आहे! सोमवारी परीक्षकांसमोर हेच मांड." मग चाळीस पानांचं प्रकरण झालं. त्यात माणसाचं शरीर आलं, सूर्याचा कोन आला, देवळाचा गाभाराही आला.

आता फक्त ती घरं बांधणाऱ्या वैजनाथ मिस्त्रींचा एक शब्द हवा होता. ऐंशीच्या घरातले मिस्त्री ओट्यावर ऊन खात बसले होते. मोनिकाने फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि जरा दबकतच विचारलं, "बाबा, हे माप तुम्हाला कुणी शिकवलं?"

मिस्त्री खळखळून हसले. "शिकवतंय कोन? पहिल्याच कामाला टेप धरनात पडला. हाताशी छत्री हुती, मग तिनंच मापीत गेलो जलमभर."

मोनिकाच्या तोंडचं पाणीच पळालं. तिचा उतरलेला चेहरा बघून म्हाताऱ्याला दया आली.

"पोरी, तुला घर बांधायचं आसंल तर आधीच सांगतो. नातीनं आता घडीची छत्री आनलीया, लई बारकं निघंल."