मुक्कामांची यादी

घोड्यावर भांडीकुंडी चढली होती, मेंढरं वस्तीच्या उताराला लागली होती, तेवढ्यात शिवांजलीबाईंची स्कूटी धुरळा उडवत वर आली. दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. कोरोनानं शाळा मार्चपासून बंद होती. बाईंच्या पिशवीत तिसरीची अभ्यासपुस्तिका होती आणि डोक्यात रस्ताभर घोकलेलं भाषण.

“धुळाभाऊ, मायाला नेऊ नका,” मास्क सारखा करत त्या म्हणाल्या. “आजीजवळ ठेवा. दरवर्षी ठेवता तशी.”

धुळानं घोड्याच्या पोटाखालची दोरी आवळली, गाठ मारली आणि मगच वळला.

“दरसाली शाळा असती, बाई. यंदा शाळाच न्हाई. कशापायी ठिवू?”

“अभ्यास फोनवर येतो. मी रोज पाठवते की.”

“घरात फोन एक हाय. त्यो माज्यासंगं निगालाय.” त्यानं खिशावर हात ठेवला. “अभ्यास हितं खिशात. मग पोरगी मागं ठिवून तिला काय घावंल?”

भाषण तिथंच संपलं. निम्मं अजून उरलं होतं, पण आता ते कुणाला ऐकवणार. माणूस खरं बोलत होता, आणि बाईंना राग त्याचाच आला.

माया कोकराला काखेत धरून उभी होती. आईबापांबरोबर जायचं म्हणून ती खुशीतच होती. बाईंच्या हातातल्या पुस्तिकेवरची अक्षरं ती लांबूनच ओठ हलवत वाचत होती.

चार वर्षांपूर्वी चौथीतली सृष्टी याच वस्तीवरून अशीच कळपामागं गेली होती. जूनमध्ये मेंढरं परत आली, सृष्टीही आली, पण शाळेत आली नाही. पटावरच्या तिच्या नावावर रेघ बाईंनीच ओढली होती. मायाच्या नावावर त्यांना ती ओढायची नव्हती. मायाच्या आईनं, बनुबाईनं, पाण्याचा तांब्या पुढं केला. बाई दगडावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि पेन काढलं.

“पहिला मुक्काम कुठं?”

धुळा बघतच राहिला. “ढालगावच्या अलीकडं. चार रात्री. का वं?”

बाईंनी पुस्तिकेच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहिलं आणि फोन लावला. “जयराज सर, माझी एक विद्यार्थिनी तुमच्या गावाकडं येतेय. दोनशे मेंढरं घेऊन. हो, शाळा बंद आहे, मला ठाऊक आहे. शाळेत नका बोलावू, तुम्हीच रानात जा. लांब उभे राहा, मास्क लावा, पण जा. पहिली दहा पानं बघायची आणि सही करायची.”

दुसरा मुक्काम कवठे महांकाळच्या शिवारात. तिथं बाईंची डी.एड.ची मैत्रीण निघाली, तिनं एका शब्दात होकार दिला. तिसरा तासगावच्या वाटेवर. तिथले सर जरा कुरकुरले. बाईंनी त्यांना त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या अभ्यासाचं विचारलं, तेव्हा तेही सरळ झाले.

“चौथा?”

“दऱ्याचा मळा. आकाराम पाटलाचं रान. तितं महिनाभर.”

“गाव कुठलं?”

“गाव न्हाई, निस्ता मळा हाय. शाळा म्हणाल तर दोन कोसावर.”

बाईंनी मळ्याचं नाव लिहिलं. त्याच्यापुढं कुणाला फोन लावावा ते त्यांना सुचेना.

“तितली जवारी आमाला निम्मं साल पुरती,” बनुबाई म्हणाली. मेंढरं रात्री रानात बसवायची, रानाला खत मिळतं, रानवाला धान्य देतो, अशी ही बोली. “सासऱ्यापास्नं त्यो मळा आमच्याकडं हाय. एक साल चुकला की म्होरल्या साली तितं दुसऱ्याची मेंढरं बसत्यात.”

“असू दे,” बाई म्हणाल्या. “महिन्याचं बघू काहीतरी.” महिन्याचं काहीही बघता येणार नव्हतं, आणि ते त्यांच्या आवाजातच कळत होतं. त्यांनी पुस्तिका मायाच्या हातात दिली. “वाच बघू, नीट लिहिलंय का.”

मायानं कोकरू खाली सोडलं, हात परकराला पुसले आणि शाळेत उभी राहायची तशी ताठ उभी राहिली.

“पहिला मुक्काम, ढालगाव. जयराज सर. पानं एक ते दहा. दुसरा मुक्काम, कवठे महांकाळ. माळी मॅडम. पानं अकरा ते वीस.”

धुळा ऐकत होता. ही वाट त्याला बापानं चालून दाखवली होती. ती कागदावरून वाचता येते, हे त्याला आजच कळत होतं, आणि वाचत होती त्याची पोर. उतारावर त्याचा भाऊ हाका मारत होता. त्यानं ओ दिली नाही.

“तिसरा मुक्काम, तासगाव. पाटोळे सर. पानं एकवीस ते तीस. चौथा मुक्काम, दऱ्याचा मळा.” माया थांबली. “बाई, हितं सरांचं नाव न्हाई.”

बनुबाईनं नवऱ्याकडं बघितलं. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. तो घोड्याशी गेला, आवळलेली दोरी उगाच पुन्हा ओढून बघितली आणि तिथूनच म्हणाला,

“चौथं खोडा, बाई. यंदा मळ्यावर न्हाई बसत. फुडलं लिवा, पलूस.”