हट्टी धैवत

"बेचाळीस हजार भागिले चौदाशे," मुलीने वहीवर पेन्सिल टेकवली. "बरोबर तीस महिने, बाबा."

"चौदाशेच का? दोन हजार धर."

"आणि आजीची औषधं? अंथरूण पाहून पाय पसरा."

बाबा हसले. हिशेबात लेकीपुढे त्यांचं काही चालत नसे.

ती शिसवी पेटी वाद्यांच्या दुकानात काचेमागे होती. बाबा त्याच दुकानात पेट्या दुरुस्त करत. ही आली तेव्हा नुसता सांगाडा होता. आठ महिने खपून त्यांनी तिला उभं केलं होतं. मुलगी दुसऱ्याच्या वर्गात पगारावर गाणं शिकवायची. ही पेटी घरी आली की तिचा स्वतःचा वर्ग निघणार होता.

बाबांनी मालकाला विचारून पाहिलं होतं. "तीस महिने थांबू?" मालक म्हणाला होता. "हे दुकान आहे, धर्मशाळा नव्हे. आधी पैसे मोजेल त्याची पेटी."

म्हणजे पेटी कोणत्याही दिवशी जाऊ शकत होती.

सूर लावण्यात बाबांचा हात धरणारा कुणी नव्हता. लोक त्यांना कानसेन म्हणत, आणि ते ऐकून मुलीच्या अंगावर मूठभर मांस चढे.

दुसऱ्याच महिन्यात गिऱ्हाईक आलं. मुलगी नेमकी बाबांचा डबा घेऊन आली होती. गिऱ्हाइकाची बोटं सा-रे-ग-म-प पर्यंत झोकात गेली. तिचा जीव टांगणीला लागला. धैवतावर मात्र पेटी घोगरली.

बाबांनी पेटी उघडली. धैवताचा सूर, म्हणजे बोटाएवढी पितळी पट्टी, बाहेर काढला, कानशीने घासला, फुंकर मारून परत बसवला. धैवत पुन्हा घोगराच.

"हट्टी आहे," बाबा खाली मान घालून म्हणाले. गिऱ्हाईक निघून गेलं. मुलीला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

पुढे असं सात वेळा झालं. गोष्ट षट्कर्णी व्हायला वेळ लागला नाही. "कानसेनाच्या कानांना दडे बसले!" वाजवणारे एकमेकांना टाळ्या देत म्हणू लागले. काहींनी आपल्या पेट्या दुसऱ्या कारागिराकडे नेल्या.

"ही पण त्यालाच दाखवा ना," एका गिऱ्हाइकाने मालकाला सुचवलं.

"ह्या पेटीला कानसेनशिवाय कुणी हात लावायचा नाही," मालक खेकसला. "घ्यायची तर अशीच घ्या."

त्याने घेतली नाही.

घरी येताना मुलीला राहवलं नाही. "इतकं ऐकून का घेता हो, बाबा?"

"बोलणाऱ्याचं तोंड धरता येतं का? तू हप्ता चुकवू नकोस."

तिने एकही चुकवला नाही. दर पहिल्या तारखेला खात्यात चौदाशे.

तिसावा हप्ता पडला. दोघं सगळी रक्कम काढून दुकानात आली. काउंटरपाशी मुलीने बाबांचा सदरा ओढला. "एक सूर बिघडलेला आहे. चार-पाच हजार कमी करायला सांगा की," ती कुजबुजली.

"का म्हणून? पेटी बेचाळीस हजारांची आहे. पैसेही तेवढेच द्यायचे."

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. सगळ्यांनी हसून घेतलेला हा माणूस ताठ मानेने पूर्ण किंमत मोजत होता. तिचा ऊर भरून आला. असा बाप मिळायला भाग्य लागतं, तिला वाटलं.

मालकाने नोटा न मोजताच गल्ल्यात टाकल्या. बाबांनी पेटी पोटाशी धरून उचलली. मुलीने पुढे होऊन दार उघडलं.

"कानसेन," मालकाने मागून हाक मारली. "आता घरी जाऊन तो खिशातला खरा धैवत परत बसव."