पट्ट्याचं की थेट मोटरचं

कदिरवेलने स्टिअरिंग सोडलं आणि मनगट झटकलं. पडद्यावरची त्याची गाडी वळणाबाहेर मातीत रुतली होती.

“हे थेट मोटरवर चालतं, सर,” दुकानदार म्हणाला. “हात ढिला ठेवलात तर ओढून नेतं.”

कदिरवेलच्या घरचं खेळाचं स्टिअरिंग पट्ट्यावर चालणारं. मऊ, गुळगुळीत, पण टायर घसरतोय हे हाताला कळेपर्यंत गाडी फिरलेली असायची. त्याआधीचं दातेरी चक्रांचं होतं. ते तर कॉफी दळल्यासारखं खरखरायचं आणि त्याची बायको, तेन्मोळी, खोलीचं दार ओढून घ्यायची.

आता थेट मोटरचंच घ्या, असा मयिलचा आग्रह होता. मयिल हे शर्यतीच्या खेळात ओळख झालेल्या एका पोराचं खेळातलं नाव. दोन वर्षं दर रविवारी दोघं ऑनलाइन शर्यत लावत होते. पोरगं बोलत नसे, माइक बिघडलाय म्हणायचं आणि नुसतं टाइप करायचं. कदिरवेल त्याला ‘तंबी’ म्हणायचा, धाकटा भाऊ म्हणून. तोही इमानाने ‘अण्णा’ लिहायचा. पट्टा तापला की कसा सैल पडतो, मोटरचा जोर कुठे उतरतो, हे तो असं समजावून सांगायचा की कदिरवेलला वाटे, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असेल.

एकदा शर्यत संपल्यावर कदिरवेलने त्याच्यापाशी मन मोकळं केलं होतं. तेन्मोळीशी पळून जाऊन लग्न केलं, त्याला सहा वर्षं झाली. सासऱ्यांनी अजून उंबरा ओलांडू दिलेला नाही. म्हातारा कारखान्यात बिडाचं ओतकाम करता करता स्वतःच बिडाचा झालाय, असं त्याने लिहिलं.

त्या दिवशी उत्तर यायला बराच वेळ लागला. ‘त्यांना थोडा वेळ द्या, अण्णा.’

एवढ्याशा पोराचं हे शहाणपण पाहून कदिरवेलला हसू आलं होतं.

आज दोघं पहिल्यांदाच भेटणार होते. गांधीपुरमच्या या दुकानात दोन्ही स्टिअरिंगं शेजारी ठेवून चालवू, मग ठरवू, असं मयिलनेच सुचवलं होतं.

दार उघडलं. आत आले ते चेन्नियप्पन, त्याचे सासरे. धोतरासारखी नेसलेली पांढरीशुभ्र वेष्टी, कपाळावर विभूती. दुकानदार लगबगीने पुढे झाला. स्टिअरिंग बसवायचे लोखंडी सांगाडे त्यांच्याच कारखान्यातून यायचे.

कदिरवेल उठून उभा राहिला. एका नातेवाइकाच्या लग्नात हे समोर आले होते, तेव्हा त्याला पाहून भरल्या पानावरून उठून गेले होते. आता मयिल येणार आणि त्याच्यादेखत शोभा होणार. दोन वर्षांत जोडलेलं हे एकच माणूस. त्याच्यासमोर तरी नको. पोराला बाहेरच थांबायला सांगावं म्हणून त्याने फोन काढला.

सासरे त्याच्याकडे न पाहता शेजारच्या खुर्चीत बसले. चपला काढल्या. पट्ट्याचं स्टिअरिंग जरासं फिरवून पाहिलं, मग थेट मोटरचं. मोटरवर तळवा ठेवला.

“हेच घेऊ, जावईबापू,” ते म्हणाले. “आणि येत्या रविवारी टाइप करत बसायला नको. तेनूला घेऊन घरीच या.”