तक्रारीचं पत्र

"बाई, तक्रारीच्या पत्रात नाव पूर्न लिवायचं का नुसतं आडनाव?"

रविनाची ही तिसरी शंका. नम्रताने मान वर न करताच सांगितलं, "पूर्ण. नाहीतर तक्रार कोणाविरुद्ध, ते कसं कळणार?"

शहापुरातल्या त्या क्लासमध्ये दर शनिवारी संध्याकाळी शंकांचा तास असे. तीन टेबलं, तीन शिक्षक. नम्रताकडे मराठी. शेजारी साईनाथ सर, त्यांच्याकडे विज्ञान आणि नागरिकशास्त्र. खिडकीजवळ तिचा नवरा हरेश, त्याच्याकडे गणित. क्लास या नवरा-बायकोनेच काढलेला. परीक्षा तोंडावर आली होती आणि हरेशच्या टेबलाभोवती नेहमीसारखी गर्दी होती.

दहावीतली रविना शेणव्याहून एसटीने यायची. मुलखाची अबोल पोर. आज मात्र ती आधी साईनाथ सरांकडे गेली होती. अठराच्या आतल्या मुलीची तक्रार पोलीस घेतात का, असं तिने विचारलं. "घ्यावीच लागते," सर म्हणाले. ते ऐकून नम्रताला कौतुकच वाटलं होतं. पोरगी अभ्यासाला लागली एकदाची.

आता रविनाने कागद पुढे सरकवला. "झालं, बाई. तपासा."

नम्रताने लाल पेन घेतलं. परीक्षेत येतं तसंच काहीतरी असणार, गावातले बंद दिवे नाहीतर दुकानदाराने दिलेला खराब माल. प्रति, पोलीस निरीक्षक. दिनांक बरोबर. विषय: शिक्षकाकडून होणारा त्रास. ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका तिने सवयीने दुरुस्त केल्या. मग रविवारचा जादा तास आला. दाराला आतून कडी लावणं आलं. 'कोणाला सांगितलंस तर तुझंच नाव खराब होईल,' हे वाक्य आलं.

आणि नाव आलं. पूर्ण नाव.

पेन तिथेच थांबलं. दिवाळीनंतर तिनेच रविनाच्या आईला फोन केला होता. मुलगी गणितात कच्ची आहे, रविवारी पाठवत जा, सर वेगळं शिकवतील. आईने किती आभार मानले होते.

"बाई," रविना हळूच म्हणाली, "तुमाला तरास व्हनार आसंल तर फाडून टाकते."

खिडकीजवळ हरेश वर्तुळाची स्पर्शिका समजावत होता. रोजच्याच शांत आवाजात. नम्रताने लाल पेन खाली ठेवलं.

"नको," ती म्हणाली. "खाली सही कर. पोलीस ठाण्यात आपण दोघी जाऊ."

"कुठे निघालात?" हरेशने विचारलं. रविनाचा हात धरून नम्रता दारापर्यंत पोचली, तोच मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. गणिताच्या टेबलाजवळची, नववीतली हर्षाली वही मिटून उभी होती.

"बाई," ती म्हणाली, "मी पन येते."