सात नंबरचं गेट

स्टेडियम दाखवायच्या तीनच्या फेरीची माणसं मोजता मोजता गाइडला रांगेत आपली आई दिसली. अकरा जणांत शेवटची. ठेवणीतले कपडे, आणि तिकीट असं पुढे धरलेलं, जणू आत्ताच कुणी तपासायला येणार आहे. सकाळी डबा हातात देताना ही बाई एक अक्षरही बोलली नव्हती.

"आई, तू इथे?" तो जवळ जाऊन हळूच म्हणाला. "मला सांगायचंस तरी. तिकीट कशाला काढलंस?"

"सगळे काढतात, म्हणून काढलं. पुढच्या आठवड्यात सात नंबरच्या गेटाची बाजू पाडणार म्हणे. पेपरात आलंय. म्हटलं, एकदा बघून घ्यावं." मग त्याला कोपराने जरासं ढकलून म्हणाली, "माणसं खोळंबलीत. तू तुझं काम कर."

एकोणीस वर्षांत तिने या स्टेडियममध्ये पाऊल टाकलं नव्हतं. बस इथून जायची, तेव्हा ती पलीकडच्या खिडकीशी बसायची. तिचा थोरला इथल्याच चेंगराचेंगरीत सापडला होता. धाकट्याला सहा वर्षांपूर्वी इथेच नोकरी लागली, तेव्हा "बरं झालं, घरापासून जवळ आहे," एवढंच ती म्हणाली होती.

त्याने आपलं काम केलं. फेरी त्याला तोंडपाठ होती. आधी इथे वीटभट्टी होती, इथपासून सुरुवात. पहिल्या सामन्याला मैदानात बावीस खेळाडू आणि बघायला सतरा माणसं, "आणि त्यातली चार गोलकीपरच्या सासरची!" ठरल्या जागी हशा पिकला. लढाईच्या वर्षांत लोकांनी लाकडी बाकं सरपणाला नेली, पाठोपाठ गोलचे खांबही. क्लबचे अध्यक्ष घरोघर हिंडले आणि एक खांब घेऊन आले. "दुसऱ्यावर तोवर कुणाची तरी अंघोळ झाली होती." पुन्हा हशा. आईही हसली, शेजारच्या माणसाकडे बघून, जरा उशिरा.

पुढे बोळ वळतो आणि सात नंबरचं गेट येतं. तिथे काळा दगड बसवलाय, त्यावर एकतीस नावं आहेत. त्या संध्याकाळी जी माणसं जागच्या जागी गेली, ती ही एकतीस. थोरला हॉस्पिटलात अकरा दिवस तगला होता. दगड तर आठव्या दिवशीच कोरून झाला होता. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात गाइड इथे 'बत्तीस' म्हणाला, तेव्हा कुणीतरी नावं मोजून तक्रार केली. मॅनेजरांनी त्याला समोर बसवून, पाणी देऊन समजावलं, "घरचं दुःख घरी. इथे दगडावर आहे तेवढंच बोलायचं." त्याने मान डोलावली होती. तेव्हापासून रोज चार फेऱ्या. "रोज मरे त्याला कोण रडे," असं तिकीट खिडकीवरच्या बाईला तो स्वतःच हसत सांगायचा.

आज बत्तीस म्हणायचं, त्याने बोळात ठरवलं. एक शब्द तर बदलायचा. फार तर पुन्हा तक्रार होईल, पुन्हा पाणी मिळेल. आई ऐकेल आणि घरी जाईल.

"एकोणीस वर्षांपूर्वी," त्याने सुरुवात केली, "अंतिम सामना चालू असताना स्टेडियममधले दिवे गेले. लोक या गेटाकडे धावले. गेटाला बाहेरून कुलूप होतं. किल्ली सापडेपर्यंत एकतीस प्रेक्षकांनी प्राण गमावले."

तोंडाला सवय होती. शब्द निघून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं.

"बत्तीस," आई म्हणाली.

मोठ्याने नाही. दवाखान्यात कुणी वय चुकीचं लिहून घेतलं तर सांगावं, तशी. सगळ्यांनी वळून पाहिलं. गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या एका गृहस्थांनी दगडावर बोट फिरवत नावं मोजली, वरपासून खालपर्यंत, तोंडाने पुटपुटत.

"एकतीसच आहेत हो, आजी," ते म्हणाले. "मी मोजली ना आत्ता."

आईने गाइडकडे पाहिलं. आता त्याने बोलायचं होतं. 'आईचं बरोबर आहे, बत्तिसावा माझा भाऊ,' इतकं साधं होतं. त्याने आत चाचपून पाहिलं. राग नव्हता, लाज नव्हती, रडूही नव्हतं. जीभ तोंडात नुसती पडून होती. त्या गृहस्थांनीही मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. 'गाइडसाहेब, तुम्हीच सांगा,' अशा नजरेने.

आईची नजर त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर गेली. क्लबचं चिन्ह, खाली 'गाइड'.

"मग माझंच चुकलं असेल," ती त्या गृहस्थांना म्हणाली. "वय झालं आता."

"होतं असं," ते समजुतीने म्हणाले.

यानंतर अर्धा मिनिट शांत उभं राहायचं असतं. सगळे उभे राहिले, आईही राहिली, हात जोडून, मान खाली घालून. गाइडने मनात तीसपर्यंत आकडे म्हटले आणि "चला" म्हणाला. पुढे ढाली, करंडक, जुने बूट, तेराव्या मिनिटाला फुटलेला चेंडू. त्याने काहीही गाळलं नाही.

बाहेरच्या दाराशी उभं राहून प्रत्येक पाहुण्याचा अभिप्राय विचारायचा, असा नियम होता. कॅमेरावाले गृहस्थ म्हणाले, माहिती उत्तम, पण मुतारी फार लांब. एका बाईला गोलकीपरच्या सासरची गंमत आवडली होती. एकेक जण बाहेर पडला. शेवटी आई आली, आणि त्याचं तोंड तिलाही त्याच सुरात विचारून बसलं, "कशी वाटली आमची फेरी?"

तिने पदार्थाची चव घेऊन सांगावं तसा क्षणभर विचार केला.

"छान," ती म्हणाली. "बाकी सगळं अगदी बरोबर सांगितलंत."